चार बोटं कागद

मास्तर,

तुम्ही गेल्याचं मला लातूरच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. दुकानासमोर मोटार उभी करून तो खाली उतरला आणि तंबाखू मळत म्हणाला, तुमचे ते ड्रॉइंग मास्तर परवा वारले, घरून तुम्हाला कळवायला सांगितलंय. मी एका तसबिरीला मागून खिळे ठोकत होतो. राहिलेले खिळे ठोकले. गिऱ्हाईक ताटकळलं होतं, त्याला तसबीर कागदात बांधून दिली. त्यानंतर मात्र त्या दिवशी कुठल्याच कामाला हात लागेना.

वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी चिटणीसांनी माझ्याकडं चार ओळी मागितल्या आहेत. नांदेडात मास्तरांना तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही, असं ते म्हणाले. खरं आहे ते. तुमचा जन्म, तुमची नोकरी, किती पोरं तुमच्या हाताखालून गेली, हे सगळं त्यांच्याकडं लिहिलेलं आहे, ते छापतील. म्हणजे, सुवाच्य अक्षरात उतरवतील. मला एकाच चित्राबद्दल लिहायचं आहे. ते चित्र पुरं असं जगात दोघांनीच पाहिलं, तुम्ही आणि मी. त्याचं मी काय केलं ते सहा वर्षं तुमच्यापासून लपवलं. आता तुम्ही ऐकायला नाही आणि मी बोलायला लागलो आहे. हा भित्रेपणा आहे, मला कळतं. तरीही लिहितो.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते काही मढवून घ्यायला नव्हे. पायरीवर उभे राहून आत बघत राहिलात. मी विचारलं, काय पाहिजे. तुम्ही म्हणालात, "उजेड. तुमचं दुकान उत्तरेकडं तोंड करून आहे. इतका चांगला उजेड, आणि तुम्ही त्यात खिळे ठोकून राहिलात." मी तर तोवर त्या तोंडाला शिव्याच देत आलो होतो, थंडीच्या दिवसांत ऊन म्हणून येत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाट आणि रंगांची डबी घेऊन आलात आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीशेजारी बसलात. त्या दिवसापासून मी तुमचा 'नरहरशेठ' झालो. माझ्या भोकं पडलेल्या बंडीकडं बघत मला शेठ म्हणणारे तुम्ही एकटेच.

शाळेतलं सगळं शिक्षण उर्दूत. गणिताचे मास्तर पोरांना मराठीत हळूच समजावून सांगायचे, ते तपासणीचे साहेब आले की गडबडायचे. तुम्ही म्हणायचात, माझ्या विषयाला जबानच लागत नाही, मी सगळ्यांत सुखी. फारसी शिकवणारे मौलवीसाहेब त्यावर हसले, आणि त्यांनीच तुम्हाला त्यांच्या घरची बिदरी सुरई चित्रासाठी दिली. काळीभोर, अंगावर चांदीच्या तारेची वेल. तुम्ही ती स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून आणलीत. माझ्या फळीवर ठेवलीत आणि मला बजावलंत की दुकानात शिंकायचं झालं तरी बाहेर जाऊन शिंका.

सीताफळं आणायला आपण दोघं बाजारात गेलो होतो. भोकरकडची एक बाई टोपली घेऊन बसली होती. तुम्ही एकेक फळ हातात घेऊन फिरवत होता, वास घेत नव्हता, दाबत नव्हता, नुसतं फिरवत होता. तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मास्तर, खायची हायत का बघायची?" तुम्ही म्हणालात, बघायची. "मग बघा हितंच, आन् ठिवा." शेवटी तुम्ही दोन कच्ची घेतलीत. अशी कच्ची मुद्दाम मागणारा माणूस तिनं पाहिला नसावा. ती शेजारणीला दाखवून हसत होती.

त्या चित्राला सहा दिवस लागले. शाळेला सुटी होती. तुम्ही त्याला स्टिल लाइफ म्हणायचात, मी भांड्यांचं चित्र म्हणायचो. कागद ओला करून पाटावर ताणलात, कडांना पट्ट्या चिकटवल्यात. खळ माझीच, चिंचोक्याची. डावीकडं पांढरा पंचा पसरला, त्यावर दोन सीताफळं, आणि उजव्या अंगाला ती सुरई. तिच्या पलीकडं काहीच नाही. मी म्हटलं, तिकडं काहीतरी ठेवा, लोटा ठेवा, माझा खळीचा वाडगा ठेवा. तुम्ही म्हणालात, तिथं ठेवलंय. मला वाटलं चेष्टा करता.

सीताफळ पिकायला लागलं की त्याचे डोळे उघडतात, डोळ्यांच्या मधल्या रेघा पांढऱ्या पडतात. पहिल्या दिवशी दोन्ही फळं घट्ट मिटलेली होती, चौथ्या दिवशी एकानं डोळे उघडले. तुम्ही डावं पहिल्या दिवसाचं रंगवलंत आणि उजवं चौथ्या दिवसाचं. मी म्हटलं, हे खोटं झालं, एका वेळी ती अशी नव्हतीच. तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "चार दिवस इथं बसलो ते खोटं कसं होईल?"  

पंचाचा पांढरा रंग कधी लावणार, हे मी रोज विचारायचो. रोज तुम्ही म्हणायचात, लावला की. पाचव्या दिवशी डबी माझ्यापुढं उघडून धरलीत. तिच्यात पांढरा नव्हताच. "कागद आहे तोच पंचा, नरहरशेठ. मी फक्त त्याच्या सावल्या रंगवल्या." मी वाकून पाहिलं, मग जरा मागं सरलो, आणि एकदम तो पंचा दिसला. धुऊन वाळवलेला, घडीच्या खुणा असलेला. आयुष्यात मी देवांच्या आणि साहेबांच्या हजारभर तसबिरी मढवल्या असतील, पण नुसत्या न रंगवण्यानं एखादी वस्तू उमटते हे मला त्या दिवशी कळलं. हे तुम्ही मला शिकवलंत. म्हणून मी पुढं जे केलं त्याला न कळण्याची सबब नाही.

सुरईत काळा रंग अजिबात नाही, निळा आणि तपकिरी आहे, असंही तुम्ही म्हणालात. तो वाद आपण दोन दिवस घातला. ती मला आजही काळीच दिसते. हा एक वाद तुमच्याशी राहूनच गेला.

शेवटच्या दिवशी तुम्ही चित्र पाटावरून कापून काढायला बसलात. उजवीकडं किती कागद ठेवायचा ते दोरा धरून तीनदा मोजलंत. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर सुरईच्या पलीकडच्या त्या कोऱ्या जागेत पाण्यात जेमतेम रंग मिसळून एक फिकट निळसर हात फिरवलात. ते वाळल्यावर चित्र कापलंत, ब्रश धुतलात आणि म्हणालात, चला, आता मॉडेल खाऊन टाकू. उघड्या डोळ्यांचं सीताफळ आपण तिथंच बसून खाल्लं. बिया तुम्ही माझ्या खिळ्यांच्या डबीत टाकल्यात.

हे चित्र हैदराबादला जायचं होतं. तिथं प्रदर्शन होतं, आणि त्यातल्या चित्रांवरून तिथल्या चित्रशाळेत एका शिक्षकाची जागा भरायची होती. तुम्ही ते फार बोलून दाखवलं नाही, पण तुमच्या चालण्यात ते दिसत होतं. तेवढ्यात लातूरहून निरोप आला, वडील अंथरुणाला खिळले. तुम्ही दुपारच्या मोटारीनं निघालात. जाताना म्हणालात, "फ्रेम करा आणि परवाच्या गाडीनं पाठवून द्या. आता तुमच्या हातात आहे."

मोठी काच मी तुमच्यासाठी जपून ठेवली होती. काच कापायच्या हिऱ्यानं रेघ मारून ती मोडायला गेलो आणि ती आडवी तडकली. विलायतेत लढाई नुकतीच सुरू झालेली, काच येणं बंद होत चाललेलं. दुकानात एकच अखंड काच उरली होती, देवाच्या तसबिरीच्या मापाची. तुमचा कागद तिच्याहून चार बोटं रुंद होता. बिनकाचेचं चित्र घेणार नाही, असं प्रदर्शनाच्या फॉर्मवर होतं.

तुम्हाला तार करता आली असती. हैदराबादच्या एखाद्या दुकानदाराला चिठ्ठी लिहून चित्र तिथं मढवायला सांगता आलं असतं. शेजारच्या फोटोवाल्याकडं काच मागता आली असती, पण त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं. हे रस्ते मला आत्ता सुचलेत असं नाही. तेव्हाही सुचले होते. मी कागद काचेखाली धरला. डावीकडं पंचा होता, खाली तुमची सही होती. उजवीकडं काही नव्हतं. तो निळसर पट्टा मला ब्रश पुसल्याचा डाग वाटला. वाटला असं लिहितो आहे, पण खरं म्हणजे मी तो वाटवून घेतला. ती सुरईची सावली होती. तुम्ही ती टाकताना मी शेजारी बसलेलो होतो.

पट्टी ठेवली, काटकोनाचा गुण्या लावला, आणि एका ओढीत कापलं. कड इतकी सरळ आली की मला समाधान वाटलं. हेही लिहायलाच हवं.

ती चार बोटांची पट्टी कागद चांगला म्हणून मी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्ष्मीच्या तसबिरीची मागची फट बंद करायला खळीनं चिकटवून टाकली. ती तसबीर नायगावला गेली की अजून कुठं, मला आठवत नाही. कुठल्या तरी घरात देवीच्या पाठीमागं तुमची सावली भिंतीला तोंड करून आहे.

दोन महिन्यांनी तुम्हाला हैदराबादहून पत्र आलं. उर्दूत होतं. तुम्ही ते माझ्या पायरीवर बसून मला मराठीत वाचून दाखवलंत. वस्तू रंगवण्यात हात तयार आहे, असं पहिलं वाक्य होतं. मग, सुरई काठाशी कोंबली आहे, सगळं चित्र उजवीकडं कलतं. मांडणीची नजर नाही. तुम्ही ते शेवटचं वाक्य आधी उर्दूत वाचलंत, मग थांबून मराठीत. पत्राची घडी घातलीत आणि म्हणालात, "मला तिथं जागा दिसत होती, नरहरशेठ. तुम्हाला दिसली होती का?"

तुम्ही मला खरंच विचारत होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, मला चित्रातलं काय कळतं, मास्तर.

तुम्ही मान हलवलीत. माणसाला आपलं चित्र नीट दिसत नाही हेच खरं, असं काहीतरी बोललात आणि उठलात. पार्सल परत आलं ते माझ्या नावावर, दुकानात. तुम्ही म्हणालात, ठेवा तुमच्याकडंच, मला त्याचं तोंड बघायचं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटण्याची लाज मला त्या क्षणी वाटली नाही, फार नंतर वाटली.

त्यानंतर तुमची चित्रं मध्यावर आली. लोटा असो, भोपळा असो, कणसं असोत, तुम्ही दोऱ्यानं कागदाचा मध्य काढायचात आणि वस्तू नेमकी तिथं बसवायचात. हात तोच होता, तसाच देखणा. लोकांना ती जास्तच आवडली. कचेरीतल्या साहेबांनी दोन मागून नेली. प्रत्येक चित्र मढवायला आणलंत की मला विचारायचात, "आता कलत नाही ना?" मी म्हणायचो, नाही. ते खोटं नव्हतं. ती कलत नव्हती. सरकारी रांगेतल्या शिपायासारखी ती उभी होती. त्यांतली कुठलीच मला मागं सरून बघावीशी वाटली नाही, आणि हे मी कधी तोंडातून काढलं नाही. पोरांनाही तुम्ही तेच शिकवलंत. आधी मध्य काढा. मी एकदा काठाला गेलो आणि माझं हैदराबाद हुकलं, असं त्यांना हसत हसत सांगायचात.

चौथ्या वर्षी, लातूरला बदली होण्याच्या जरा आधी, तुम्ही एकदा अचानक म्हणालात, ते भांड्यांचं चित्र काढा बरं, बघू तरी काय चुकलं होतं. चित्र माझ्या डोक्यावरच्या फडताळात होतं. मी म्हणालो, त्याला वाळवी लागली, मास्तर. तुम्ही म्हणालात, चला, वाळवीला तरी पसंत पडलं. आपण दोघं हसलो. मी तुमच्याबरोबर हसलो, मास्तर. कागद कापला त्याच्यापेक्षा मला हे हसणं जड जातं.

तेराव्यानंतर मी लातूरला गेलो. सांगायचं ठरवून गेलो नव्हतो, हेही कबूल करतो. वहिनींना भेटावं, दोन शब्द बोलावेत आणि संध्याकाळच्या मोटारीनं परतावं, एवढंच मनात होतं. वहिनींनी चहा दिला. आत जाऊन धुवट धोतरात गुंडाळलेला एक कागद आणला. म्हणाल्या, हे शेवटचं, आजारी पडायच्या आधी काढत होते.

एक पितळी चंबू आणि तीन कांदे. सगळे डाव्या अंगाला. उरलेला निम्म्याहून जास्त कागद कोरा. सहा वर्षांत तुमच्या हातची एकही वस्तू मध्यावरून हललेली मी पाहिली नव्हती. एक कांदा पातीचा होता, आणि ती पात कोऱ्या कागदाकडं वळलेली होती.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे मढवून द्या. पण लई मोठं नको, भिंतीला जागा नाही. ह्या अंगाचा कागद कोराच राहिलाय, तेवढा कापून टाका आणि बसवा."

मी कागद मांडीवर घेतला. खिशात पट्टी होती, सवयीनं हात तिकडं गेला. मी हो म्हणालो असतो तर कुणालाही कधी कळलं नसतं. मी म्हणालो, "वहिनी, हे कापायचं नाही." त्यांनी विचारलं, का. मग मी सगळं सांगितलं. काच, चार बोटं, पत्र, फडताळ. क्रमानं सांगता आलं नाही, मागचं पुढं झालं, पण सगळं सांगितलं.

त्यांनी माझी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे वाळवी नव्हती."

नव्हती, मी म्हणालो.

"हैदराबादला जायचं म्हणून मी पाटा-वरवंटा शेजारी देऊन टाकला होता. परत मागताना लई शरम वाटली." हे त्या माझ्याकडं न बघता बोलल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या पत्रानंतर तुम्ही दोनदा चष्मा बदललात. तुमचे डोळे तुम्हाला फसवतात असं तुमच्या मनानं घेतलं. औरंगाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर चांगली आहे. तुम्हाला ते पटलं नाही. डॉक्टरांना काय कळतंय, असं म्हणालात, आणि घरी येऊन चष्मा लावून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ आहे की नाही ते वहिनींना विचारत बसलात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी ते पाहिलं आणि त्या उठल्या. माझ्या मांडीवरचा कागद उचलला, पुन्हा धोतरात गुंडाळला आणि आत ठेवून आल्या. म्हणाल्या, "फ्रेम राहू द्या. मला सांगितलंत ते बरं केलंत. त्यांच्या पोरांना कोण सांगणार? ती अजून दोरा घेऊन मध्य काढून राहिलीत."

म्हणून हा लेख, मास्तर. चिटणीसांनी मागितलेल्या चार ओळींत तो बसत नाही. त्यांनी यातलं काही गाळलं तर मी तो परत घेईन.

सुरईचं चित्र मी वाचनालयात आणून ठेवलं आहे. चौकट आणि काच काढून टाकली आहे. मास्तरांच्या ज्या विद्यार्थ्यांना येता येईल त्यांनी येऊन बघावं. डावीकडची दोन सीताफळं बघावीत, एक मिटलेलं आणि एक उघडलेलं. पंचा बघावा, आणि तो कुठल्या रंगानं काढला आहे ते शोधावं. मग उजवी कड बघावी. सुरई तिथं अडकल्यासारखी दिसते, चित्र त्या बाजूला कलतं, हे हैदराबादच्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं. पण ती कड मास्तरांची नाही. ती माझी आहे. मास्तरांनी पलीकडं चार बोटं जागा ठेवली होती, तीनदा मोजून. त्यांना तिथं जागा दिसत होती, कारण ती तिथं होती.

वहिनींकडच्या चित्रातला कोरा कागद राहून गेला की तुम्ही तो ठेवला होता, हे मी मोटारीत बसून सगळ्या वाटेनं ताडून पाहिलं. कधी वाटतं राहिला. मग ती पात आठवते आणि वाटतं, ठेवला. वहिनींनी ते चित्र परत माझ्या हाती दिलेलं नाही. मीही मागणार नाही.